दस्तातील किंमत आणि मालमत्तेवरील कर

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबाची शिल्लक बहुधा सोन्यात आणि जागेत गुंतलेली असते. राहत्या घराचे कर्ज फिटले, मुलांची शिक्षणे पार पडली आणि भविष्यनिर्वाह निधीची किंवा वडिलार्जित जमिनीच्या वाटणीची रक्कम हाती आली, की शहरालगत एखादी सदनिका, एखादा बिनशेती भूखंड अथवा बाजारपेठेत एखादा गाळा घेऊन ठेवण्याकडे अनेकांचा कल असतो. जागा निवडताना पाणी, रस्ता, रेल्वे स्थानकाचे अंतर, विकासकाची पत या गोष्टी बारकाईने पाहिल्या जातात. सातबारा, मिळकत पत्रिका आणि मालमत्तेवरील बोजा यांचा शोधही वकिलाकडून घेतला जातो. कराचा विचार मात्र बहुधा जागा विकण्याची वेळ आल्यावरच होतो. तोवर उशीर झालेला असतो. कारण विक्रीच्या वेळी भरावा लागणारा कर बऱ्याच अंशी खरेदीच्या दिवशी, दुय्यम निबंधकासमोर सही करताना दस्तात कोणता आकडा लिहिला गेला, यावर ठरून गेलेला असतो.

स्थावर मालमत्तेवरील करांचे धनी अनेक आहेत. खरेदीच्या दस्तावरील मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी राज्य शासनाकडे जमा होते. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत सदनिका घेतल्यास वस्तू व सेवा कर द्यावा लागतो. जागा ताब्यात आली की महानगरपालिकेची, नगरपरिषदेची किंवा ग्रामपंचायतीची घरपट्टी सुरू होते. भाडे आले की त्यावर आणि जागा विकली की नफ्यावर केंद्र शासनाचा प्राप्तिकर लागतो. पूर्वी यांच्या जोडीला आणखी दोन कर होते. मृत्यूनंतर वारसांकडून वसूल होणारे संपदा शुल्क १९८५ मध्ये रद्द झाले आणि १९५७ च्या अधिनियमाखालील संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने संपुष्टात आला. उरलेल्या करांपैकी घरपट्टी व भाड्यावरील प्राप्तिकर वगळता बहुतेकांचा आधार दस्तातील मोबदल्याचा आकडा हाच आहे.

मुद्रांक शुल्क आणि मूल्यदर तक्ते

महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, १९५८ अन्वये शुल्क आकारताना दोन रकमा पाहिल्या जातात. एक, दस्तात नमूद केलेला मोबदला. आणि दुसरी, शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यांनुसार येणारे बाजारमूल्य. या दोहोंपैकी जी रक्कम अधिक असेल तिच्यावर शुल्क द्यावे लागते. हे तक्ते लोकव्यवहारात रेडी रेकनर या नावाने ओळखले जातात. नोंदणी व मुद्रांक विभाग ते प्रसिद्ध करतो आणि त्यांत गावोगावच्या व शहरांतील विभागवार जमिनी, सदनिका, दुकाने व कार्यालये यांचे दर दिलेले असतात.

महानगरपालिका क्षेत्रात खरेदीखतावरील मूळ शुल्क पाच टक्के आहे. त्यावर स्थानिक संस्थेचा आणि मेट्रो प्रकल्पांसाठीचा अधिभार मिळून पुणे, ठाणे व नागपूर या शहरांत एकूण आकार सात टक्क्यांपर्यंत जातो. मुंबईत तो सहा टक्के आहे. निवासी जागा केवळ महिलेच्या नावे घेतल्यास १ एप्रिल २०२१ पासून एक टक्क्याची सवलत मिळते. प्रारंभी अशी जागा पंधरा वर्षांपर्यंत पुरुष खरेदीदारास विकता येत नसे. ही अट २०२३ मध्ये काढून टाकण्यात आली. नोंदणी फी एक टक्का असली तरी तिला तीस हजार रुपयांची कमाल मर्यादा आहे. पती, पत्नी, मुले किंवा नातवंडे यांना निवासी अथवा शेतीची मालमत्ता बक्षीसपत्राने देण्यासाठी २०१५ पासून केवळ नाममात्र मूळ शुल्क ठेवण्यात आले आहे. कुटुंबातल्या कुटुंबात खोटे खरेदीखत करण्याची जुनी पद्धत त्यामुळे अगदीच निरर्थक ठरली आहे.

गुंतवणूक म्हणून सदनिका घेणाऱ्यासाठी याच अधिनियमात एक विशेष तरतूद आहे, पण ती पुष्कळांना ठाऊक नसते. विकासकाकडून थेट घेतलेली सदनिका ठरावीक मुदतीत पुढे विकली, तर पहिल्या दस्तावर भरलेले शुल्क दुसऱ्या दस्तावरील शुल्कातून वजा मिळते. ही मुदत पूर्वी एक वर्षाची होती. २०२२ मध्ये ती तीन वर्षे करण्यात आली. त्यासाठी पहिला दस्त गुंतवणूकदाराच्या अनुच्छेदाखाली केलेला असावा लागतो, ही गोष्ट करारनामा तयार करतानाच वकिलास सांगितली पाहिजे. दस्त नोंदून झाल्यावर ती सुचून उपयोग नाही.

अपुऱ्या मुद्रांकाचा दस्त न्यायालयात पुरावा म्हणून स्वीकारला जात नाही आणि तुटीच्या रकमेवर दरमहा दोन टक्के दराने दंड चढत जातो. १ जानेवारी १९८० ते ३१ डिसेंबर २०२० या काळातील अशा दस्तांसाठी शासनाने डिसेंबर २०२३ पासून काही महिने अभय योजना राबविली होती. गृहनिर्माण संस्थांतील कित्येक जुन्या सभासदांना आपला करारनामा साध्या कागदावर किंवा अपुऱ्या मुद्रांकावर झालेला आहे, याची जाणीव त्या निमित्ताने प्रथमच झाली.

विक्रीवरील नफ्याचा हिशेब

जागा खरेदी केल्यापासून चोवीस महिन्यांहून अधिक काळ स्वतःकडे ठेवून विकली, तर होणारा नफा दीर्घ मुदतीचा मानला जातो. त्याआधी विकल्यास तो अल्प मुदतीचा ठरून इतर उत्पन्नात मिळविला जातो आणि नेहमीच्या श्रेणीनुसार त्यावर कर बसतो. वर सांगितलेली मुद्रांक शुल्काची सवलत आणि ही चोवीस महिन्यांची अट एकत्र वाचली, तर दोन्हींचा लाभ मिळण्याचा काळ दोन वर्षे पूर्ण झाल्यानंतर आणि तीन वर्षे संपण्यापूर्वी एवढाच उरतो, हे ध्यानात येईल. मात्र जो इसम वारंवार जागा घेऊन विकण्याचा उद्योगच करतो त्याचे उत्पन्न धंद्याचे उत्पन्न समजले जाते. दीर्घ मुदतीच्या नफ्याचा सवलतीचा दर त्याला लागू होत नाही.

दीर्घ मुदतीच्या नफ्यावरील कराची पद्धत २३ जुलै २०२४ पासून बदलली. तोपर्यंत खरेदीची किंमत महागाई निर्देशांकाने वाढवून घेता येई आणि उरलेल्या नफ्यावर वीस टक्के कर असे. नव्या पद्धतीत निर्देशांकाचा लाभ नाही, परंतु दर साडेबारा टक्के आहे. ज्या निवासी व्यक्तींनी किंवा हिंदू अविभक्त कुटुंबांनी जमीन अथवा इमारत त्या तारखेपूर्वी घेतली आहे, त्यांना दोन्ही पद्धतींनी हिशेब करून जो कर कमी येईल तो भरण्याची मुभा आहे. कंपन्यांना व परदेशस्थ अनिवासी भारतीयांना ही मुभा नाही.

निर्देशांकाचे आधारवर्ष २००१-०२ असून त्या वर्षाचा अंक १०० आहे. २०१२-१३ साठी तो २०० आणि २०२५-२६ साठी ३७६ आहे. समजा, नाशिक येथील एका सेवानिवृत्त शिक्षकाने २०१२-१३ मध्ये ४० लाख रुपयांस सदनिका घेतली आणि २०२५-२६ मध्ये ती ९० लाखांस विकली. निर्देशांकानुसार खरेदीची किंमत ७५ लाख २० हजार होते. नफा राहिला १४ लाख ८० हजार; त्यावर वीस टक्क्यांनी कर २ लाख ९६ हजार. नव्या पद्धतीने नफा सरळ ५० लाख आणि साडेबारा टक्क्यांनी कर ६ लाख २५ हजार. येथे जुनी पद्धत लाभदायक ठरते. उलटपक्षी, त्याच वर्षी १० लाखांस घेतलेला भूखंड ६० लाखांस विकला गेला असेल, तर निर्देशांकाने किंमत १८ लाख ८० हजार, नफा ४१ लाख २० हजार आणि वीस टक्क्यांनी कर ८ लाख २४ हजार येतो. नव्या पद्धतीने तो ६ लाख २५ हजारांत भागतो. किंमत भरमसाट वाढलेली असेल तेथे नवी पद्धत बरी आणि वाढ बेताची असेल तेथे जुनी, असा ढोबळ अनुभव येतो; पण प्रत्येक व्यवहाराचा हिशेब स्वतंत्रपणे मांडलेला बरा. या सर्व आकड्यांवर अधिभार लागू असल्यास तो आणि चार टक्के उपकर निराळा.

खरेदीच्या किमतीत केवळ विक्रेत्यास दिलेली रक्कम धरावयाची नसते. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि खरेदीसाठी दिलेली दलाली तीत मिळविता येते. पुढे एखादी खोली वाढविली असेल तर तो खर्चही धरता येतो. मात्र रंगरंगोटी व किरकोळ दुरुस्ती त्यात बसत नाही. गृहकर्जावरील ज्या व्याजाची वजावट आधीच घेतली असेल, ते पुन्हा खरेदीच्या किमतीत मिळविण्यास २०२३ च्या वित्त अधिनियमाने मनाई केली आहे.

प्राप्तिकराच्या बारा लाखांपर्यंतच्या सुटीविषयी अलीकडे बराच गैरसमज दिसतो. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरील कर माफ होतो हे खरे. परंतु ही माफी विशेष दराने आकारल्या जाणाऱ्या उत्पन्नास लागू नाही आणि जागेच्या विक्रीवरील दीर्घ मुदतीचा नफा त्याच प्रकारात मोडतो. दुसरे काही उत्पन्न नसलेल्या निवासी व्यक्तीस मूळ करमुक्त मर्यादेतील न वापरलेला भाग तेवढा या नफ्यातून वजा करता येतो.

कमी किमतीच्या दस्ताची किंमत

आता पुन्हा नाशिकच्या शिक्षकाच्या सदनिकेकडे वळू. समजा, २०१२-१३ मध्ये मूल्यदर तक्त्यानुसार तिचे मूल्य ३० लाखच होते आणि विक्रेत्याने आग्रह धरला, की दस्त ३० लाखांचा करावा आणि वरचे १० लाख रोख द्यावेत. खरेदीदारास पटविताना मुद्रांक शुल्क वाचेल असे सांगितले जाते आणि ते वाचतेही. पाच टक्क्यांनी दहा लाखांवरील शुल्क ५० हजार रुपये होते. खरा लाभ मात्र विक्रेत्याचा असतो. दहा लाखांचा नफा त्याच्या हिशेबातून नाहीसा होतो.

तो नाहीसा झालेला नफा तेरा वर्षांनी खरेदीदाराच्या दारात येऊन उभा राहतो. सदनिका ९० लाखांस विकताना खरेदीची किंमत म्हणून त्यास ३० लाखच दाखविता येतात. निर्देशांकाने ती ५६ लाख ४० हजार होते, नफा ३३ लाख ६० हजार आणि कर ६ लाख ७२ हजार. नव्या पद्धतीने तर तो साडेसात लाख होईल. दस्त खऱ्या किमतीचा असता तर भरावा लागणारा कर २ लाख ९६ हजार होता. म्हणजे ५० हजारांच्या बचतीपायी ३ लाख ७६ हजारांचा अधिक कर पदरी आला आणि तोही दुसऱ्याने लपविलेल्या नफ्यावर. रोख दिलेल्या दहा लाखांचा पुरावा नसतो; असलाच तर तो पुढे करताच ती रक्कम कोठून आणली हा प्रश्न उभा राहतो. त्यातून सुटण्यासाठी तोच इसम पुढच्या खरेदीदाराकडे कमी किमतीच्या दस्ताचा आग्रह धरतो आणि ही साखळी पुढे चालू राहते.

ही साखळी तोडण्यासाठी कायद्याने दोन्ही बाजूंनी बंध घातले आहेत. दस्तातील मोबदला मुद्रांकासाठी ठरलेल्या मूल्यापेक्षा कमी असेल आणि तफावत मोबदल्याच्या दहा टक्क्यांहून अधिक असेल, तर विक्रेत्यास मुद्रांक मूल्याइतकी रक्कम मिळाली असे धरून त्याच्या नफ्याचा हिशेब केला जातो. त्याच व्यवहारात खरेदीदाराचे उत्पन्नही त्या फरकाने वाढले असे मानले जाते. उदाहरणार्थ, मोबदला ६० लाख आणि मुद्रांक मूल्य ६५ लाख असेल तर फरक दहा टक्क्यांच्या आत असल्याने कोणासच तोशीस नाही. मुद्रांक मूल्य ७० लाख असेल तर विक्रेत्याचा हिशेब ७० लाखांवर होईल आणि खरेदीदाराच्या त्या वर्षीच्या उत्पन्नात १० लाख मिळविले जातील. एकाच फरकावर दोघांना कर पडतो, हे अनेकांना अन्यायाचे वाटते. पण तरतूद तशी आहे आणि ती केवळ लबाडी करणाऱ्यालाच नव्हे, तर निकडीपोटी खरोखरच कमी किमतीला जागा विकणाऱ्यालाही लागू पडते.

अशा प्रामाणिक व्यवहारासाठी मार्ग ठेवलेला आहे. इमारत जुनी व मोडकळीस आलेली आहे, जागेत संरक्षित भाडेकरू आहे, भूखंडास रस्ता नाही किंवा मालकीविषयी दावा चालू आहे, अशा कारणांनी बाजारमूल्य तक्त्यापेक्षा खरोखर कमी असेल, तर दस्त करण्यापूर्वीच मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी अर्ज करता येतो. प्राप्तिकराच्या निर्धारणातही प्रकरण विभागाच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठविण्याची मागणी करदात्यास करता येते. साठेखत आधी होऊन खरेदीखत पुढे कधीतरी होणार असेल, तर साठेखताच्या तारखेचे मुद्रांक मूल्य धरले जाते. त्यासाठी मोबदल्याचा काही भाग त्या तारखेस किंवा तत्पूर्वी बँकेमार्फत दिलेला असावा लागतो. नुसती इसाराची रोख पावती येथे उपयोगी पडत नाही. शिवाय १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास बंदी असून, स्वीकारणाऱ्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. दुसऱ्याच्या नावावर जागा घेऊन ठेवण्याचा मार्गही १९८८ च्या बेनामी व्यवहारविषयक अधिनियमात २०१६ मध्ये केलेल्या सुधारणांनंतर फार धोक्याचा झाला आहे. त्यात मालमत्ताच शासनजमा होऊ शकते.

वारसाहक्क आणि शेतजमीन

वडिलोपार्जित घर विकताना खरेदीचा दस्त सापडत नाही, किंवा सापडला तर त्यावरील किंमत काही शे रुपयांची असते. अशा वेळी मूळ मालकाने ज्या किमतीस व ज्या तारखेस ती मालमत्ता घेतली, तीच वारसाची किंमत व तारीख समजली जाते. मालमत्ता १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल तर त्या दिवसाचे तिचे रास्त बाजारमूल्य खरेदीची किंमत म्हणून धरता येते. मात्र ते त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्याहून अधिक असता कामा नये. हे मूल्य नोंदणीकृत मूल्यांककाकडून काढून ठेवावे. निर्देशांक वारसाच्या हाती मालमत्ता आलेल्या वर्षापासून नव्हे, तर मूळ मालकाच्या वर्षापासून मोजावा, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला आहे. भावंडांत हिस्से पडले असतील तर प्रत्येकाने आपापल्या हिश्श्याचा हिशेब द्यावयाचा असतो. थोरल्या भावाच्या खात्यावर सर्व रक्कम घेऊन नंतर वाटप करण्याची रीत पुढे अडचणीची ठरते.

ग्रामीण भागातील शेतजमिनीच्या विक्रीवर हा कर मुळीच नाही, कारण प्राप्तिकर कायद्याच्या दृष्टीने ती भांडवली मालमत्ता नव्हे. ग्रामीण कोणती, हे लोकसंख्येवरून ठरते. दहा हजारांहून अधिक व एक लाखापर्यंत लोकवस्तीच्या नगराच्या हद्दीपासून दोन किलोमीटर, एक लाखाहून अधिक ते दहा लाखांपर्यंतच्या शहरापासून सहा आणि त्याहून मोठ्या शहरापासून आठ किलोमीटरच्या पलीकडे ती असली पाहिजे. हे अंतर रस्त्याने न मोजता सरळ रेषेत मोजतात. शहराची हद्द वाढली की कालची करमुक्त जमीन आज करपात्र होऊ शकते. शेतजमीन गुंतवणूक म्हणून घेऊ इच्छिणाऱ्या बिगरशेतकऱ्याने कुळवहिवाट कायद्याचा अडसर आधी पाहावा. परवानगीवाचून झालेली अशी खरेदी अवैध ठरू शकते, मग करसवलतीची चर्चा व्यर्थच.

नफा पुन्हा गुंतविल्यास

राहते किंवा भाड्याने दिलेले घर विकून झालेला दीर्घ मुदतीचा नफा दुसरे घर घेण्यात गुंतविला, तर त्यावर कर लागत नाही. नवे घर विक्रीपूर्वी एक वर्ष किंवा विक्रीनंतर दोन वर्षांच्या आत घ्यावे, अथवा तीन वर्षांत बांधावे आणि ते भारतातच असावे. नफा दोन कोटींपर्यंत असल्यास आयुष्यात एकदा दोन घरेही घेता येतात. भूखंड किंवा गाळा विकून घर घ्यावयाचे असेल तर अट कडक आहे. तेथे नुसता नफा गुंतवून भागत नाही, विक्रीची सर्व निव्वळ रक्कम गुंतवावी लागते; कमी गुंतविल्यास सवलतही त्या प्रमाणात कमी होते. शिवाय विक्रीच्या दिवशी नव्या घराखेरीज एकाहून अधिक घरे नावावर असता कामा नयेत. घर नकोच असेल त्याने विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत विनिर्दिष्ट सार्वजनिक संस्थांच्या रोख्यांत पन्नास लाखांपर्यंत रक्कम पाच वर्षांसाठी ठेवावी.

विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत घर मिळाले नाही, तर न वापरलेली रक्कम १९८८ च्या भांडवली नफा खाते योजनेखाली बँकेत ठेवावी लागते. ती साध्या मुदत ठेवीत ठेवल्यामुळे सवलत अडचणीत येण्याचे प्रसंग घडतात. नवे घर तीन वर्षांच्या आत विकल्यास मिळालेली सवलत परत घेतली जाते.

विक्रेता परदेशी असेल तर

पन्नास लाख किंवा त्याहून अधिक किमतीची जागा घेताना, १ जून २०१३ पासून, खरेदीदाराने विक्रेत्यास द्यावयाच्या रकमेतून एक टक्का कर कापून तो केंद्र शासनाकडे भरला पाहिजे. मोबदला आणि मुद्रांक मूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर ही कपात होते. पती-पत्नींनी निम्म्या-निम्म्या हिश्श्याने जागा घेतली तरी पन्नास लाखांची मर्यादा संपूर्ण व्यवहारास लावली जाते, हे २०२४ मध्ये स्पष्ट करण्यात आले.

हा एक टक्का केवळ भारतात निवासी असलेल्या विक्रेत्यासाठी आहे. पुण्या-मुंबईतील कित्येक सदनिकांचे मालक आज अमेरिकेत, आखाती देशांत किंवा ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेली मराठी मंडळी आहेत आणि त्यांचे वृद्ध आई-वडील किंवा भाऊ मुखत्यारपत्राने व्यवहार करतात. समोर बसलेले गृहस्थ इथलेच असल्याने खरेदीदार निर्धास्तपणे एक टक्का कापतो. परंतु मालक अनिवासी असल्यास किंमत कितीही असो, दीर्घ मुदतीच्या नफ्यासाठी साडेबारा टक्के आणि त्यावर अधिभार व उपकर अशी कपात करावी लागते. ती न केल्यास कसूर खरेदीदाराची ठरते आणि तुटीची रक्कम व्याजासह त्याच्याकडूनच वसूल होऊ शकते. विक्रेत्याचा खरा नफा थोडा असेल तर त्याने प्राप्तिकर अधिकाऱ्याकडे आगाऊ अर्ज करून कमी दराच्या कपातीचे प्रमाणपत्र घ्यावे. ते हाती पडण्यास वेळ लागतो. म्हणून साठेखतातच त्याची अट घालणे उभयतांच्या सोयीचे असते.

नवी सदनिका आणि भाडे

बांधकाम चालू असलेल्या निवासी सदनिकेवर १ एप्रिल २०१९ पासून पाच टक्के वस्तू व सेवा कर आहे. ४५ लाखांपर्यंतच्या आणि महानगरांत ६० चौरस मीटर, इतरत्र ९० चौरस मीटर चटई क्षेत्रापर्यंतच्या परवडणाऱ्या घरावर तो एक टक्का आहे. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकल्या गेलेल्या सदनिकेवर हा कर नाही. तयार घर थोडे महाग वाटले तरी तुलना करताना ही बाब हिशेबात घ्यावी.

भाड्याच्या उत्पन्नाचा हिशेब सोपा आहे. समजा, दरमहा २० हजारांप्रमाणे वर्षाचे भाडे २ लाख ४० हजार आले आणि मालकाने १२ हजार घरपट्टी भरली. उरलेल्या २ लाख २८ हजारांतून तीस टक्के, म्हणजे ६८ हजार ४०० रुपये सरसकट वजा होतात आणि १ लाख ५९ हजार ६०० उत्पन्न राहते. त्यातून कर्जावरील व्याज वजा करता येते. तीस टक्क्यांत दुरुस्ती, विमा, वसुली असे सर्व काही आले. त्यांच्या पावत्या वेगळ्या दाखवून उपयोग नाही. व्याज भाड्याहून अधिक असेल तर जुन्या करप्रणालीत वर्षाला दोन लाखांपर्यंतचा तोटा पगारादी इतर उत्पन्नातून वजा होतो. नव्या प्रणालीत ती सोय नाही. कर्ज काढून भाड्यासाठी घर घेणाऱ्याने कोणती प्रणाली निवडावी, हा निर्णय बहुतांशी या एका मुद्द्यावर येऊन ठेपतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून, नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. घरपट्टीतही फरक पडतो. पुण्यात स्वतः राहणाऱ्या मालकास मिळणारी चाळीस टक्क्यांची सवलत भाड्याने दिलेल्या जागेस मिळत नाही. मुंबईत मात्र पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता करातून सूट आहे.

घर रिकामे ठेवल्यास काय? स्वतःच्या वापराची म्हणून दोन घरांचे उत्पन्न शून्य धरता येते. तिसरे घर कुलूपबंद असले तरी ते भाड्याने दिल्यास जे भाडे आले असते, तेवढे उत्पन्न मिळाले असे मानून कर आकारला जातो.

प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या जागी २०२५ चा नवा अधिनियम संमत झाला असून त्याच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविण्यात आली आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदललेले आहेत. यास्तव सल्लागाराशी बोलताना किंवा अर्ज लिहिताना जुना क्रमांक सांगण्याऐवजी तरतुदीचे स्वरूप सांगावे. जुना दस्त हरवला असल्यास ज्या दुय्यम निबंधक कार्यालयात तो नोंदला गेला तेथून त्याची प्रमाणित प्रत, तसेच दस्तातील मोबदला व बाजारमूल्य दोन्ही दर्शविणारा सूची क्रमांक दोनचा उतारा, विहित फी भरून मिळतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरही अनेक वर्षांच्या नोंदींचा शोध घेता येतो.